आईंच्या खोलीतलं ऊन

भिंगार, ४ सप्टेंबर १९७२

मायना घातलेला नाही. 'प्रिय' लिहावं तर दोन वर्षांत तुम्ही मला तसं लिहिलेलं नाही, आणि 'सप्रेम नमस्कार' लिहायचा तर खोटं कशाला. तेव्हा मायन्याची जागा कोरी. नगररचना शिकायला गेलेल्या माणसाला मोकळ्या जागेचं महत्त्व मी काय सांगावं.

घराचा नकाशा पोचला. नळकांड्यातून आला. पोस्टमन म्हणाला, "बाई, साहेबांनी बंदूक धाडली का काय?" आईंनी तो ओट्यावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि बाजारात जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दाखवला. मोतीबिंदूमुळे त्यांना स्वतःला त्यातली एक रेघ दिसत नाही. तरी बोट फिरवत सांगत होत्या, "माझ्या नरसूनं एडिंबराहून घर पाठवलंय." समोरच्या दूधवाल्या मालनबाईंनी नकाशा उलटा धरून पाहिला आणि म्हणाल्या, "लई भारी हाय." त्यावर आई दिवसभर खूश.

मी सुलटा धरून पाहिला. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

पुढचा ओटा पाडायचा असं लिहिलंय. आई सकाळी अंघोळ केली की त्या ओट्यावर बसतात त्या थेट जेवायलाच उठतात. भाजीवाली, पलटणीतले शिपाई, शाळेची पोरं, सगळ्यांची खबर त्यांना तिथे मिळते. दिसत नसलं तरी चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखतात. ओटा गेला तर त्यांनी बसायचं कुठे?

परसातला कडुलिंब तोडायचा असं लिहिलंय, कारण तो ऊन अडवतो. अहो, तो ऊन अडवतो म्हणूनच तर आहे.

आणि मागच्या बाजूला आईंसाठी नवी खोली, तिची पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, वर छपरातही काच. शेजारी तुमच्या अक्षरात, 'आईला संध्याकाळचं ऊन मिळावं.' तुम्ही राहता तिथे सूर्य पाहुण्यासारखा येत असेल, त्याला पाट-पाणी करावं लागत असेल. इथे तो घरजावई आहे. भिंगारमध्ये मे महिन्यात पश्चिमेकडे तोंड करून कोणी भांडंही घासत नाही. विसरलात की काय?

यंदा पाऊस नाही. पाथर्डीकडची माणसं आतापासूनच खडी फोडायच्या कामावर येऊन बसली आहेत. गवंडी स्वस्तात मिळेल, तेवढी एक सोय.

हे पत्र आईंना वाचून दाखवलं. जेवढं दाखवायचं तेवढं.

इंदू


भिंगार, २३ ऑक्टोबर १९७२

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुमचं उत्तर आलं. उत्तर कसलं, व्याख्यान. माझ्या तीन प्रश्नांना तुम्ही तीन साहेब पाठवलेत.

एक हॉवर्डसाहेब. कोर्टात लघुलेखन करणारे साधे कारकून, आणि त्यांना सुचलं की माणसानं शहरात धुराखाली मरू नये आणि खेड्यात कंटाळून मरू नये, दोन्हींचं लग्न लावून बागेतलं शहर वसवावं. मधोमध बाग, भोवती घरं, त्याच्याबाहेर शेतीचा हिरवा पट्टा. चांगलं आहे. म्हणून आपल्या परसात हिरवळ लावायची. अहो, प्यायचं पाणी टँकरनं येतं. रांगेत भांडणं होतात. हिरवळीला काय मी डोळ्यांतलं पाणी घालू? तेही मी तुम्ही गेलात तेव्हाच संपवलंय.

दुसरे ते अमेरिकेतल्या रॅडबर्नवाले. घरांनी मोटारींच्या रस्त्याकडे पाठ करावी आणि बागेकडे तोंड. म्हणून ओटा पाडायचा. आपल्या गल्लीत मोटार येते ती दिवाळीला डॉक्टरांची, तीही अडकते. तुम्हीच पहिल्या वर्षी मला लिहिलं होतंत, अमेरिकेतली एक बाई म्हणते की दारात, पायरीवर बसलेल्या माणसांचे डोळे असतात म्हणून रस्ता जिवंत आणि सुरक्षित राहतो, पण तिच्याजवळ पदवी नाही म्हणून तुमचे प्राध्यापक तिला हसतात. तुम्हीही हसलात वाटतं.

तिसरे गेडीससाहेब. त्यांचं मात्र मला पटलं. आधी पाहणी करावी, मग आराखडा काढावा. गावातल्या गल्ल्या पायांनी तुडवाव्यात, कोण कुठे बसतं, कुठे पाणी भरतं ते बघावं, आणि मग जेवढं दुखतंय तेवढंच जपून कापावं. पन्नासेक वर्षांपूर्वी तो म्हातारा आपल्या देशात गावोगाव उन्हातान्हात हिंडला म्हणता. मुळात वनस्पतींचा अभ्यासक. त्याचा चेला एडिंबरात शेगडीजवळ बसून भिंगारातला लिंब तोडतो. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं. तुम्ही विमानातून हाकता.

शेवटी लिहिलंत, 'प्रश्न उन्हाचा नाही, दृष्टीचा आहे. तुला समजायला वेळ लागेल. नकाशात बदल करू नकोस, हे घर माझ्या प्रबंधाचा भाग आहे.'

समजलं. बदल करणार नाही. एका विटेचाही नाही. आईंना विचारलं, "ओटा पाडायचा का हो खरंच?" तर माझ्यावरच उखडल्या. "तुझं शिक्षण मॅट्रिक, त्याचं विलायतेत. तो चुकेल?" मी म्हटलं, "नाही चुकायचे." मायलेकांचं एकमत झाल्यावर सुनेनं तोंड उघडू नये, हे मला या घरात पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं.

पाथर्डीचा कारभारी नावाचा गवंडी कामाला लावला आहे. काल ओटा पडला. आज लिंब. मालनबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "आवं इंदूबाई, हिरवं झाड तोडू ने, आन् आसल्या सालात तर न्हाईच न्हाई." मी त्यांना नकाशा दाखवला. कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला तेव्हा आई घरात होत्या. त्यांनी विचारलं, "काय वाजलं?" मी म्हटलं, "तुमचं ऊन येतंय."

इंदू


भिंगार, १५ जानेवारी १९७३

तिळगूळ सोबत पाठवलेला नाही. गोड बोलणं दोन्ही बाजूंनी लागतं.

खोली झाली. आई तीन आठवड्यांपासून तिथे राहतात. फोटो पाठवते आहे, कापड बाजारातल्या छगन फोटोवाल्याकडून काढून घेतले. तुम्ही मागितलेत तसे, आधी रिकामी खोली, मग आईंसकट.

खरं सांगायचं तर सध्या खोली झकास आहे. थंडीच्या दिवसांत दुपारी ऊन आत येतं, आईंच्या गुडघ्यांना शेक मिळतो. त्या मला म्हणाल्या, "लिही त्याला." मी लिहिते, शब्द त्यांचे आहेत:

"चिरंजीव नरसूस अनेक आशीर्वाद. तू दिलेलं ऊन रोज पोचतं. माझी काळजी करू नको. सूनबाई करते माझं, पण तिचं तोंड फार चालतं. कूस चालली नाही, तोंड चालतं. तू थंडीत कानाला मफलर बांधत जा. तू येशील तेव्हा मी याच खोलीत असेन."

मी एकही शब्द गाळलेला नाही. कुशीचाही नाही. अक्षर मुद्दाम चांगलं काढलं आहे.

ओटा गेल्याचं मात्र त्यांना जड जातंय. सुरुवातीला दोन-चार जणी मागच्या खोलीपर्यंत येत. पण रस्त्यानं जाता जाता बोलणं वेगळं आणि चप्पल काढून, माजघर ओलांडून मागे जाणं वेगळं. आता मालनबाईंशिवाय कोणी येत नाही. आई काचेशी कान लावून बसतात. त्या बाजूला ऐकू यायला नुसती धूळ आहे. बोलायला त्यांना आता मीच उरले, त्यामुळे माझ्या माहेरचा उद्धार रोजच्या रोज होतो.

माझ्या माहेराचा विषय निघालाच आहे तर. परवा माझ्या वडिलांचं, दादांचं दुसऱ्या वर्षाचं श्राद्ध झालं. तुम्हाला आठवत असेल, ते गेले त्याच दिवशी तुम्हाला मुंबईला पोचवायला आपण सगळे निघालो होतो. तार सकाळीच आली होती. आईंनी ती पदराखाली ठेवली, तुम्हाला दाखवली, मला नाही. तुमचं विमान उडाल्यावर परतीच्या गाडीत मला सांगितलं. 'शुभकार्यात अडथळा नको,' हे वाक्य तुमचं की त्यांचं, एवढंच मला अजून कळलेलं नाही. मी त्या दिवशी तुम्हाला हसून ओवाळलं होतं.

असो. मी विचारलं होतं की परीक्षा झाल्यावर मला तिकडे बोलावणार होतात, त्याचं काय. त्या ओळीचं उत्तर तुमच्या मागच्या पत्रात सापडलं नाही. दोनदा वाचलं.

इंदू


भिंगार, २२ मार्च १९७३

सापडलं उत्तर. 'प्राध्यापक फोटोंवर खूश आहेत. मला इथल्याच नगररचना खात्यात जागा मिळण्याची शक्यता आहे. तू येण्याचा विचार आई आहे तोपर्यंत करता येणार नाही, हे तूही समजून घे.'

समजून घेतलं. माझं वय अठ्ठावीस. माझी सुटका तुम्ही तुमच्या आईच्या मरणाशी बांधून दिलीत, आणि नंतर लिहिता, 'आईची नीट काळजी घे.' तुम्हाला मूर्ख म्हणावं की भोळे, तेवढं एकदा ठरवून कळवा.

तुमची पत्रं आईंना मीच वाचून दाखवते, हे तुम्हाला माहीत आहे. आजवर मी गाळून वाचत आले. या वेळी म्हटलं, आपण कोण गाळणारे? सगळं वाचलं. 'आई आहे तोपर्यंत' तर जरा सावकाशच वाचलं.  आई म्हणाल्या, "म्हणजे मी आहे म्हणून अडलंय होय?" मी म्हटलं, "तसं नाही हो, त्यांची भाषा विलायती झाली आहे." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. रोज कुशीवरून बोलतात, त्या दिवशी तेही बोलल्या नाहीत. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

ऊन तापायला लागलं आहे. दुपारी तीननंतर खोलीत उभं राहवत नाही. लोखंडी खाटेचा दांडा हाताला चटका देतो. मालनबाईंनी एक गोणपाट आणून काचेवर टांगलं आणि त्यावर तांब्याभर पाणी मारलं. आजच्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे सोनं, त्यांच्या म्हशी तहानलेल्या असतात. म्हणाल्या, "म्हातारीला आमच्या वसरीला निजू द्या दुपारचं. हितं शिजून निघंल ती."

आईंनी साफ नकार दिला. "माझ्या मुलानं मला खोली बांधून दिली, आणि मी दूधवालीच्या ओसरीवर निजू? लोक काय म्हणतील, नरसूचं घर राहण्यासारखं नाही?" सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मी आग्रह केला नाही. थोरल्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नये.

नकाशाच्या समासात तुम्ही लिहिलं आहे, 'काचेला पडदा नको.' गोणपाट हा पडदा धरायचा की नाही, ते कळवा.

इंदू


भिंगार, ९ मे १९७३

तुमचं पत्र आलं होतं. गोणपाट हा पडदा धरायचा, काढून टाकायचा, कारण प्रबंध या महिन्याअखेर द्यायचा आहे आणि प्राध्यापकांना एक शेवटचा फोटो हवा आहे. दुपारी चारचा. काच उघडी, ऊन जमिनीवर लांबपर्यंत पडलेलं, आणि आई खुर्चीत, उन्हात. खाली ओळ घालणार होतात, 'रहिवासी, आपल्या खोलीत.'

फोटो सोबत आहे.

कसा काढला ते सांगते, प्रबंधात उपयोगी पडेल. शुक्रवारी छगनला दोनला बोलावलं होतं, म्हणजे चारपर्यंत मांडामांड होईल. तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं, तेव्हापासून त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. लग्नातला शालू काढायला लावला. मी म्हटलं, "आई, सुती नेसा, उकडेल." तर म्हणाल्या, "साहेब लोक बघणार आहेत. नरसूची आई सुती नेसून बसेल?" मग तो जाड भरजरी शालू, पाटल्या, खांद्यावर शाल. गोणपाट मी काढलं. दोनला खुर्ची काचेसमोर मांडली. छगन काही आला नाही. स्टेशनरोडला त्याची सायकल पंक्चर झाली होती, असं नंतर कळलं.

आई बसून राहिल्या. मालनबाई येऊन म्हणाल्या, "फोटूवाला यील तवा बसा की. तंवर आत चला." आई म्हणाल्या, "हललं की शालूच्या निऱ्या मोडतात." मी म्हटलं, "येईलच इतक्यात." दर थोड्या वेळानं विचारायच्या, "ऊन पडलंय का ग माझ्यावर?" त्यांना दिसत नव्हतं ना. मी सांगायची, "पडलंय."

छगन आला तेव्हा ऊन अगदी तुम्हाला हवं तिथे होतं. त्यानं काळ्या कापडाखाली डोकं घातलं, म्हणाला, "आजी, जरा हसा." त्या हसल्या आहेत, बघा. फोटो चांगला आला आहे. जमिनीवर काचेच्या चौकटींच्या सावल्यासुद्धा सरळ आल्या आहेत. कारभाऱ्याचं काम सुबक होतं.

फोटोत आई आहेत. फोटोनंतर नाहीत. खुर्चीतून उठवायला गेले तर अंग विस्तवासारखं, आणि घाम एक थेंब नाही. मला त्यांनी तुमचं नाव घेऊन हाक मारली. डॉक्टर येईपर्यंत दिवेलागण झाली, आणि त्याच्याही आधी सगळं आटोपलं होतं.

नगरहून तुमचे चुलतभाऊ माधवभावजी आले. अग्नी त्यांनी दिला. ते तुम्हाला तार करायला निघाले होते. मीच थांबवलं. म्हटलं, प्रबंध द्यायचा आहे, शुभकार्यात अडथळा नको. म्हणून साध्या टपालानं कळवते आहे. तुम्ही रागवाल. रागवा. मला तर रागवायला नुसती परतीची गाडी मिळाली होती.

इंदू


भिंगार, २९ मे १९७३

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. खोलीतल्या खुर्चीवर ठेवते आहे. तुमच्या तारेप्रमाणे उद्या दुपारच्या गाडीनं नगरला उतराल, टांगा करून भिंगारला पोचायला साडेतीन वाजतील. हातपाय धुवाल, मागे याल, पत्र उचलाल. तेव्हा खुर्चीत बसा. बसूनच वाचा.

तारेआधी तुमचं पत्रही आलं. त्यात दोन प्रश्न होते. पहिला, 'तू तिथे होतीस, तू काय करत होतीस?' मी नकाशाप्रमाणे वागत होते. ओटा, लिंब, काच, पडदा, फोटो, सगळं तुमच्या हस्ताक्षरात माझ्याजवळ आहे, पण ते मी कोणाला दाखवणार नाही. दाखवायला आता आहे कोण? आणि मालनबाई तुम्हाला सांगतीलच, त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका. आई एकदा म्हणाल्या होत्या, "इंदू, मला जरा आत घे ग." मी विचारलं, "आणि फोटो?" त्यांनी शाल पुन्हा सारखी केली, म्हणाल्या, "हो, फोटो." आणि बसून राहिल्या. मी त्यांना उचलून आत नेऊ शकले असते. त्यांचं वजन काही फार नव्हतं.

दुसरा प्रश्न, अस्थी कुठे आहेत. अस्थी घरात आणत नाहीत, विसर्जनापर्यंत परसातल्या झाडाला टांगून ठेवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. माधवभावजी स्मशानातून गाडगं घेऊन आले आणि परसात उभे राहिले. बांधायला झाड नव्हतं. दोघं त्या उघड्या परसात, त्या धुळीत, इकडे तिकडे बघत राहिलो. शेवटी मालनबाई म्हणाल्या, "आमच्या बोरीला बांदा. तितं आमची म्हस बी सावलीला बसती." ज्या ओसरीवर त्या जिवंतपणी गेल्या नाहीत, तिच्या अंगणात आता त्या आहेत. तिथून रस्ताही दिसतो. जाणारे-येणारे थांबतात, हात जोडतात. ओटा असता तर आणखी काय वेगळं झालं असतं.

तुम्ही लिहिलंत, 'आता तू मोकळी आहेस, माझ्याबरोबर चल.' मोकळी आहे, खरंय. मिरजगावच्या शाळेत मला नोकरी मिळाली आहे, आज सकाळच्या एसटीनं निघते आहे. मॅट्रिकवर तिथे चालतं. माझ्या मागे येऊ नका. आलात तर आधी पाहणी करा, तिथे तुमच्यासाठी जागा आहे का.

घर तुमचं, तुम्ही काढलंत तसं आहे. तुमची खाट याच खोलीत टाकली आहे. घरातल्या बाकी खोल्यांना कुलपं आहेत, त्यांच्या किल्ल्या मी बरोबर नेते आहे, कारण तुमच्या नकाशात त्या खोल्यांना नावं नव्हती. माठ भरून ठेवला होता, पण उद्यापर्यंत त्यात काय उरेल ते सांगता येत नाही.

आता चार वाजत आले असतील. ऊन आधी पायांवर येतं, मग मांडीवर, मग तोंडावर. गोणपाट मागायला मालनबाईंकडे जाऊ नका. त्यांनी ते आईंच्या तिरडीखाली अंथरलं होतं.

इंदू